गाळ उपसणाऱ्यांचं तळं

मानपाड्याच्या पलीकडे एका गावात मोठं तळं होतं. वैशाखात ते आटलं, की गाळ उपसायचा महारवाड्यानं, आणि तोही वेठीनं. सडके मासे, शेवाळ, म्हशींची घाण बायका टोपल्यांत भरून डोक्यावरून नेत. ती केसांतून तोंडावर ओघळे. त्याचा विटाळ कुणालाच होत नसे. विटाळ व्हायचा तो झरा लागल्यावर! तळाशी स्वच्छ पाणी दिसलं रे दिसलं, की खणणाऱ्यांनी मुकाट्यानं वर यायचं, भटजींनी गोमूत्र शिंपडून तळं शुद्ध करायचं, मग गावानं घागरी भरायच्या. आणि ज्यांनी खणलं त्यांनी काठाशी ताटकळत, कुणी वरून ओतेल तेवढं घ्यायचं. काय म्हणावं या अकलेला?

अठराशे ब्याऐंशीच्या उन्हाळ्यात बायजाच्या कुदळीखाली झरा फुटला. तिची तीन वर्षांची नात सगुणा काठावर तापानं फणफणली होती. सकाळपासून पोरीच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. बायजा ओंजळ भरते तोच काळुराम पाटील वरून खेकसला, की आधी वर ये, भटजी कल्याणहून यायचेत, शुद्धी झाल्यावर पाणी मिळेल. भटजी पोचणार तिसऱ्या प्रहरी. तोवर पोर जगेल का, हे कुणी विचारलं नाही. पाटलाची बायको ठमाबाई घागर घेऊन काठावर उभी होती, तीही गप्पच.

अंगावरच्या चिखलाची आली नव्हती एवढी किळस बायजाला काठावरच्या त्या धुतल्या धोतरांची आली. तिनं पोरीला खाली आणवलं, झऱ्याशीच फतकल मारली आणि तिला ओंजळीनं पाणी पाजलं.

“मी नाय येत वर,” ती म्हणाली. “हात धरून काढा, पाटील.”

तिला शिवणार कोण? काठ्या घेतलेले पाटलाचे गडी विटाळाच्या धाकानं काठावरूनच शिव्या देत राहिले. बायजाची सून तुळसा घागर घेऊन उतरली, तिच्यामागून महारवाड्यातल्या साऱ्या बाया.

भटजींनी येऊन निकाल दिला, की तळं बाटलं, अकरा दिवस गावानं त्याला शिवायचं नाही. गावानं ऐकलं. म्हशी लोळतात त्या डबक्यातलं हिरवं पाणी लोक फडक्यानं गाळून प्यायले, आणि वर सोवळ्याच्या गप्पा मारत राहिले. शी!

चौथ्या दिवशी पाटलाच्या नातवाला हगवण लागली. पाचव्या दिवशी पोराचे डोळे खोल गेले. ठमाबाईनं घागर उचलली, तसा पाटील दारात आडवा आला. तळ्यावर गेलीस तर पुन्हा घरात घेणार नाही, म्हणाला.

“नका घेव,” ती म्हणाली. “पोराला काय तुमचा धर्म पाजू?”

भर दुपारी ती एकटी तळ्यात उतरली. झऱ्याशी बायजा होती, शेजारी ताप उतरलेली सगुणा. ठमाबाईला मान वर करवेना. काठावर आपण गप्प राहिलो, याची लाज तिला खात होती. बायजाला वाटलं असतं तर तिनंही बाईला ताटकळत ठेवलं असतं. पण बायजा बाजूला सरकली.

“भर बाय,” ती म्हणाली. “उशीर नको करू.”