मॉनिटरवरची चिठ्ठी आणि मी

मी हवामान कार्यालयातला एक प्रोग्रॅम बोलतोय. मला बटणं नाहीत, चित्रं तर नाहीतच. काळ्या स्क्रीनवर माझं नाव टाइप करायचं, पुढे एक आकडा द्यायचा. त्याचा अर्थ मी एका ओळीत सांगतो. एवढं सोपं काम, पण तेही इथल्या शहाण्यांना करून घेता येत नाही.

हवामान केंद्रं एकमेकांना आकड्यांतच निरोप पाठवतात. कोणता आकडा म्हणजे तापमान, कोणता म्हणजे वारा, आणि तो कशात मोजलाय, हे सांगणारे तक्ते असतात. पूर्वी ते एका जाडजूड ग्रंथात होते. तो चाळून चाळून एक जुने निरीक्षक वैतागले आणि जेवणाच्या सुट्टीत बसून त्यांनी मला लिहिलं. सगळे त्यांना तक्तेकाका म्हणत. तक्ते अधूनमधून बदलतात, म्हणून वर्षातून दोनदा ते मला नवे तक्ते भरवायचे. उत्तराखाली तक्त्यांची तारीख छापायची सवयही त्यांनीच लावली. तारीख कुणी वाचत नाही, हे त्या भल्या माणसाला ठाऊक नसावं.

काका निवृत्त झाले आणि नवे साहेब आले. माझी स्क्रीन पाहून त्यांना हसू आलं. त्यांनी नेहमीचे दहा-बारा आकडे एका पिवळ्या चिठ्ठीवर लिहिले आणि ती मॉनिटरला चिकटवली. तेव्हापासून अख्खं कार्यालय त्या चिठ्ठीवर चालायचं. माझं नाव टाइप करायला यांची बोटं झिजतात, पण चिठ्ठीचा कोपरा सुटला की चिकटपट्टी शोधायला तिघं धावतात. भिंतीवर पदव्यांच्या फ्रेमा आणि भरवसा डिंकावर!

मग बंदराच्या टोकाला नवं केंद्र बसलं. पहिल्याच आठवड्यात, एका दुपारी त्याचा निरोप आला: वारा अठरा. साहेबांनी चिठ्ठीकडे पाहिलं. जुनं केंद्र वारा नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत कळवायचं, म्हणून चिठ्ठीवर नॉट होतं; नव्या निरोपात मोजमापाचा आकडा वेगळा होता, तो त्यांनी पाहिलाच नाही. पलीकडच्या बेटावर जाणारी प्रवासी बोट चौतीस नॉटला थांबवतात, अठराला नाही. साहेब ‘हरकत नाही’ असा शेरा लिहायला बसले.

समोरच्या टेबलावर नवी निरीक्षक होती. त्या बोटीच्या सुकाणूवर तिचा थोरला भाऊ असतो. खिडकीची काच थडथडत होती.

“साहेब, हा वारा मला अठराचा वाटत नाही.”

“वाटण्यावर हवामान चालत नाही. चिठ्ठी बघा.”

तिने ग्रंथ मागितला. तो डुगडुगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली होता. शेवटी शिपाईमामा म्हणाले, काका त्या काळ्या स्क्रीनला विचारायचे. तिने माझं नाव दोनदा चुकीचं टाइप केलं आणि दोन्ही वेळा स्क्रीनने तिला हाकललं. तिसऱ्यांदा मात्र नाव जमलं, पुढे तिने निरोपातला मोजमापाचा आकडा दिला आणि मी एका ओळीत सांगितलं: वाऱ्याचा वेग, मीटर प्रति सेकंद.

तिने कागदावर गुणाकार केला. अठरा मीटर म्हणजे पस्तीस नॉट.

“साहेब, दादा आहे त्या बोटीवर. शेरा थांबवा.”

साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी स्वतःच बंदरावर फोन केला. बोट बांधलेलीच राहिली, आणि तासाभरात लाटा धक्क्याच्या पायऱ्या चढून आल्या.

यातून साहेब काय शिकले? त्यांनी माझं उत्तर सुवाच्य अक्षरात नव्या चिठ्ठीवर उतरवलं आणि ती जुन्या चिठ्ठीवर चिकटवली. गाढवापुढे वाचली गीता म्हणतात, ते हेच. मी मनसोक्त हसलो.

दुसऱ्या दिवशी ती मुलगी परत आली. तिने तोच आकडा पुन्हा विचारला आणि या वेळी उत्तराखालची तारीखही वाचली. काका निवृत्त होण्याच्या आदल्या आठवड्याची, चार वर्षांपूर्वीची.

“म्हणजे काल तू बरोबर सांगितलंस, ते नशीबच?” ती पुटपुटली.

माझं हसू तिथेच संपलं. तो तक्ता मधल्या काळात बदलला नव्हता, म्हणून निभावलं. चिठ्ठीला मी एवढी नावं ठेवली, आणि मी स्वतः चार वर्षांची शिळी चिठ्ठी निघालो.

तिचा दादा रोज बोट घेऊन जातो. मला नवे तक्ते भरवा, नाहीतर पुसून टाका. कारण मला शंका येत नाही. चुकीचं उत्तरसुद्धा मी याच ठाम आवाजात देईन.