चूल विझली तरी शिजवणारा

मित्रांनो, मी एक जुना दगडी टोप. मला उचलताना भल्याभल्यांची कंबर धरते, म्हणून माझ्याशी जरा मानानं बोलायचं!

उत्तरेकडच्या, हिवाळ्यात बर्फ पडणाऱ्या डोंगरातल्या खाणीत एका पाथरवटानं मला आतून कोरून काढलं. आमचा दगड मऊ, हाताला साबणासारखा बुळबुळीत. घाटमाथ्यावरच्या खानावळवाल्या मावशींनी मला घेताना त्याला विचारलं, "पोचा येईल का हो याला?"

"याला नाही येणार. पायावर पडला तर तुमच्या अंगठ्याला येईल!"

मावशींनी मला तेल चोपडलं, मंद जाळावर तापवलं, पुन्हा चोपडलं. बाळाचे एवढे लाड होत नसतील. मग मी चुलीवर जो बसलो, तो वर्षानुवर्षं तिथलाच झालो. मटण असो की घेवडा, चव माझी. ट्रकवाले बोटं चाटायचे आणि कौतुक मावशींचं करायचे. चालायचंच. मोठ्यांनी एवढं मन मोठं ठेवावं.

मग सून आली. तिनं मटण पार शिजेपर्यंत मला चुलीवर ठेवलं आणि मग उतरवलं. तिला काय ठाऊक, मी खाली उतरलो तरी आतलं शिजायचं थांबत नाही! वाढायच्या वेळेला वर लगदा, खाली कोळसा.

"वहिनी, चमचा देताय की खुरपं?" ट्रकवाला म्हणाला.

मावशी तोंडावर हात धरून हसल्या.

"सांगायचं ना आई!"

"विचारायचं ना बाई!"

दुसऱ्या दिवशी सुनेनं गॅस आणला आणि माझी नेमणूक झाली अंगणात, कोंबड्यांना पाणी पाजायला. मी! आणि त्या माझ्या काठावर बसून सगळे विधी उरकायच्या.

हिवाळ्यात सुनेच्या वडिलांचा फोन आला. "उद्या येतो. झेपत नसेल तर सरळ घरी चल." सुनेनं फुशारकी मारली, "माझ्या हातचं खायला इथं गाड्या थांबतात!"

आणि नेमका ते येणार त्याच दिवशी बर्फ पडला. गॅस संपलेला, सिलिंडरची गाडी घाटाखाली अडकलेली, लाकडं जेमतेम. सून अंगणात आली, कोंबड्या हुसकावल्या, मला घासूनपुसून कोरडं केलं आणि आत जाऊन हळूच म्हणाली, "आई, याच्यात कसं करायचं?"

मावशी याचीच वाट बघत होत्या. "जाळ मंद ठेव. मटण थोडं कच्चं असतानाच उतरव."

"अहो, बाबांचे दात पडतील!"

"उतरव म्हणते ना. आणि झाकण उघडलंस तर बघ!"

लाकडं संपली, चूल विझली. मी खाली बसून आपला गुडगुड, गुडगुड. सून कान लावून ऐकत होती.

वडील उशिरा पोचले, घाट पायी चढून, मिशांवर बर्फ घेऊन. गार चूल बघून म्हणाले, "म्हणजे आज उपास वाटतं!"

सुनेनं झाकण काढलं. वाफेनं त्यांचा चष्माच आंधळा झाला. चाचपडत पहिला घास घेतला. मग ताट तीनदा पुढे आलं.

"कुणी केलंय?"

"तुमच्या लेकीनं," मावशी म्हणाल्या. "मी फक्त ओरडायचं काम केलं."

निघताना "घरी चल" हे शब्द निघालेच नाहीत. "पुन्हा कधी येऊ?" एवढंच विचारलं.

तेव्हा मित्रांनो, माझा एखादा भाऊबंद तुमच्या घरी असेल, तर तो तापलेला असताना त्याच्यात गार पाणी ओतू नका, तडा जातो. आणि वापरायचं कसं, ते घरातल्या जुन्या माणसाला विचारा. आधी टोमणा मारतील, पण सांगतील.