वरीलप्रमाणे

थोंग शांग हा माणूस मी शोधून काढला होता. चिनी अभ्यासाच्या ऑनर्सला प्रबंध लिहावा लागतो. वर्गातली बाकीची मंडळी दळलेलंच दळत बसली होती, आणि माझ्या हाती मात्र एका चिनी बंदरातल्या हमालखान्याची नव्वद वर्षांपूर्वीची नोंदवही लागली. छापील रकाने चार: नाव, गाव, काम आणि हमी कोणाची. शेवटच्या रकान्यात एकच नाव पुन्हापुन्हा येत होतं. थोंग शांगने एकट्याने सहाशे बारा हमालांची हमी घेतली होती!

मी त्याला 'विस्मृतीत गेलेला गरिबांचा कैवारी' केलं. त्याच्या उदार स्वभावावर बावीस पानं लिहिली. माझे मार्गदर्शक सर तर इतके खूश झाले की त्यांनी एका परिषदेत त्याच्यावर भाषण ठोकलं आणि लेखही छापायला दिला. पहिला वर्ग मिळाल्याशिवाय पुढे प्रवेश नव्हता, आणि तो थोंग शांगने माझ्या खिशात घातल्यासारखाच होता.

प्रबंध द्यायला चार दिवस उरले होते. बाबा पानांना क्रमांक घालत होते, मागे जोडलेल्या नोंदवहीच्या छायाप्रतींनाही. एकतीस वर्षं नोंदणी कार्यालयात कारकुनी करून निवृत्त झालेल्या माणसाला दुसरं कोणतं काम देणार?

"काय गं, हा तुझा माणूस पानाच्या पहिल्या ओळीत कधीच कसा येत नाही?"

"म्हणजे?"

"नोंदवहीची एकेचाळीस पानं पाहिली. हीच दोन अक्षरं, पण दुसऱ्या ओळीपासून खाली. एवढा मोठा माणूस, आणि पानाच्या माथ्यावर एकदाही नाही? आमच्या रजिस्टरात असा एकच होता."

"कोण?"

"वरीलप्रमाणे."

थोंग म्हणजे तेच, शांग म्हणजे वर. दोन्ही अक्षरं पहिल्या वर्षाच्या पुस्तकातली. पण 'थोंग' हे क्वचित आडनावही असतं, असं शब्दकोशात वाचलं आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, अशी माझी गत झाली. राग अर्थातच बाबांवर काढला.

"तुम्हाला चिनी येतं का?"

"नाही बुवा. रजिस्टर येतं," असं म्हणून ते पुढच्या पानाला क्रमांक घालू लागले.

दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. त्यांनी आधी दार लावून घेतलं.

"हे बघ, झाकली मूठ सव्वा लाखाची. बाहेरून येणारे परीक्षक माझे वर्गमित्र आहेत, ते रकाने मोजत बसणार नाहीत. आता बदललंस तर घाईचं काम होईल आणि वर्ग जाईल. शिवाय माझा लेख छापखान्यात आहे."

खोटं कशाला बोलू, मला ते पटलं. मूठ झाकायचीच असं ठरवून घरी आले. फक्त एकदा पाहावं म्हणून पानांच्या पहिल्या ओळी वाचल्या. दोन-तीन पानं सोडली तर सगळीकडे हमी एकीचीच होती: 'स्वयंपाकघरातली विधवा'. तिचं नाव लिहायची कारकुनाला गरजही वाटली नव्हती. म्हणजे ते सहाशे जण तिचे होते. मी तिला एका तळटीपेत उरकलं होतं: 'किरकोळ उल्लेख'. मला फार लाज वाटली. थोंग शांग नव्हताच, त्याला काय वाटणार? पण ही होती.

मी बावीस पानं काढून टाकली आणि तीन दिवसांत तिच्यावर अकरा लिहिली. वर्ग गेला तर गेला. सरांनी लेख मागे घेतला, सही केली आणि म्हणाले, "मला पहिल्यापासून शंका होतीच. ऋणनिर्देशात तसं लिही."

ऋणनिर्देशात आधी सरांवर दीड पान होतं आणि शेवटी 'तसेच घरचे सर्व'. ते फाडून मी रकाने आखले. चूक कोणी दाखवली? समोर बाबांचं पूर्ण नाव. पानांना क्रमांक कोणी घातले? वरीलप्रमाणे. फी कोणी भरली, चिनी शिकू नको असं सगळे म्हणत असताना गप्प कोण राहिलं, ओरडून घेतलं कोणी? वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे. सर्वांत खाली, शंका कोणाला होती? सरांना.

बाबांनी चष्मा लावून तपासलं. 'ओरडून घेतलं' ही ओळ पुढच्या पानावर गेली होती.

"हे चुकलं. पान बदललं की पहिल्या ओळीत नाव पुन्हा लिहायचं. नियम आहे."

मी त्यांचं नाव पुन्हा लिहिलं. मग पेन्सिल घेऊन दोन्ही पानांवरची माझी पहिली वेलांटी त्यांनी दुसरी केली. शाळेपासून मी माझ्या नावापुढे त्यांचं नाव तसंच चुकीचं लिहीत आले होते.

"कधी सांगितलं नाहीत ते?"

"तू माझी ओळ वाचलीस कधी?" असं म्हणून त्यांनी पानाला क्रमांक घातला.