पाटीवरचा आकडा

मालू पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत सलत होती. आमच्या बेळगावच्या बायकांच्या दवाखान्यात ती नर्सचं काम शिकायला आली होती. शहापूरच्या विणकराची लेक, विशीतच विधवा झालेली. तीन महिन्यांत पसंत पडली नाही तर भाऊ तिला निपाणीला तंबाखूच्या वखारीत धाडणार होता. तिच्या थोरल्या बहिणीची छाती तिथल्या धुरळ्यानंच गेलेली.

मी गुणाबाई, बावीस वर्षं तिथली नर्स. नव्या पोरी पारखायचं काम मेट्रनबाईंनी माझ्यावर टाकलेलं. खाटेवरची बाई एकटीनं कुशीवर वळवता आली पाहिजे, दिवसभर पायांवर उभं राहता आलं पाहिजे, रक्त बघून भोवळ येता कामा नये, मराठी-कानडी दोन्ही बोलता आलं पाहिजे आणि डोळे-कान धड पाहिजेत. एवढं सगळं असलेली पोरगी कुणाच्या जखमा धुवायला कशाला येईल? मालूत मात्र हे सगळं दिसत होतं, आणि म्हणूनच मला तिचा संशय यायचा.

शिवाय ती बोलणाऱ्याच्या ओठांकडं टक लावून बघायची. माझी नक्कल शिकतेय, माघारी पोरींना हसवत असणार, असं मी धरून चालले होते.

मग पाटीचं प्रकरण झालं. आमच्याकडं प्रत्येक खाटेला एक पाटी टांगलेली असे. सकाळी ताप बघून मी तिच्यावर ठळक आकडा लिहायची, दुपारी मेट्रनबाई तो वहीत उतरवायच्या. एक दिवस बघते तर काय, बोरगावच्या बाळंतीण रुक्माबाईच्या पाटीवर माझे नव्याण्णव पुसून कुणी एकशे दोन केलेले. अक्षर मालूचं!

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण विचारलं असतं तर कानांवर हात ठेवले असते तिनं. मी गप्प राहून पाळत ठेवली. आठवड्यात तीनदा तेच झालं. मला खोटी पाडून हिला माझी जागा पाहिजे, याबद्दल मला शंका उरली नाही.

पाळत ठेवता ठेवता भलतंच सापडलं. मालू भिंतीकडं तोंड करून पट्ट्या गुंडाळत होती. मी मागून हाक मारली. हूं नाही की चूं नाही. जवळ जाऊन मारली, तरी नाही. माझी सावली भिंतीवर पडली तशी ती दचकून वळली आणि लगेच माझ्या ओठांकडं बघायला लागली.

पोरगी बहिरी होती. खरं सांगते, मला आनंद झाला. तशीच मेट्रनबाईंकडं गेले.

बाईंनी तिला पाठमोरं उभं केलं आणि म्हणाल्या, "मालू, हात वर कर."

हात खालीच राहिले. बाईंनी तिला वळवून विचारलं, "इतके दिवस कसं निभावलंस?"

"आमच्या घरात सहा माग हाईत, बाई. ते चालू असल्यावर कुणाचं कुणाला ऐकू येत न्हाय. आमी सगळी ओठ बघूनच बोलतो. ल्हानपणी माझं कान गेलं, तर घरात लई दिस कुणाला कळलंच न्हाय."

मेट्रनबाई म्हणाल्या, "तुझ्या पाठीमागं कुणी कण्हलं तर? नियम आहे, पोरी. मला ठेवता येणार नाही. आणखी काही सांगायचंय?"

तिनं माझ्याकडं बघितलं. आता ही पाट्यांचं काढणार, म्हणून मी पदर खोचून तयारच होते.

"न्हाय," मालू म्हणाली.

ती गाठोडं बांधत होती तेव्हा मी जाऊन उभी राहिले. दवाखान्याची चादर तर नेत नाही ना, ते बघायला! ती हळूच म्हणाली, "आक्का, रुक्माबाईचं कपाळ हातानं बघत जावा. तुमाला पारा दिसत न्हाय, मला म्हाईत हाय. तुमच्या माघारी मीच परत लावून बघायची."

"मग बाईंना सांगितलं का न्हाईस?"

"तुमी तरी कुठं जाणार?"

धमकी देते की काय, असं मला त्याही वेळी वाटलं. ती गेली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. सहा महिने झाले होते, नळीतला पारा मला दिसत नव्हता. तोंडावळा बघून मी अंदाजानं आकडे ठोकत होते, आणि पोरींचे डोळे पारखत होते.

मी रुक्माबाईच्या जिभेखाली थर्मामीटर लावला. काढून खिडकीकडं धरला, तिरपा केला. नुसती काच. तिचं कपाळ तव्यासारखं तापलेलं. लाज वाटली, आणि त्याहून जास्त भीती वाटली. कोरी पाटी घेऊन मी बाईंकडं गेले.

"बाई, मला पारा दिसत न्हाय. सहा म्हैनं झालं. आकडं मालू दुरुस्त करत हुती."

बाईंनी स्वतः जाऊन ताप बघितला. एकशे तीन. डॉक्टरीणबाईंना बोलावणं धाडून त्या माझ्याकडं वळल्या. "मालू येऊन तीन महिने झाले. त्याच्या आधीचे तीन महिने कोण दुरुस्त करत होतं?"

मी कोरी पाटी खाटेला परत टांगली.

"उद्यापासून तू चादरींच्या खोलीत," बाई म्हणाल्या. "आणि जा, तिला परत आण. ऐकणारी दुसरी पोरगी तिच्या जोडीला देईन."

मी शहापूरच्या रस्त्याला धावत सुटले. गाठोडं घेऊन मालू पुढं चालली होती. मी मागून हाका मारल्या. रस्त्यावरचे सगळे वळून बघायला लागले, ती तेवढी वळेना. मग माझं मलाच उमगलं. तशीच धावत तिला ओलांडून पुढं गेले आणि तिच्या तोंडासमोर उभी राहिले. धाप लागलेली, घशातून आवाज फुटेना. नुसते ओठ हलले.

मालूनं ते वाचलं आणि गाठोडं खाली ठेवलं.