अनुकूल बाजू

लोकसभेच्या निवडणुकीला महिनाभर उरला असता, राजारामपुरीतल्या अभ्यासिकांमध्ये उमेदवाराचे छायाचित्र डकवलेल्या पाण्याच्या बाटल्या वाटण्यात येत होत्या. ज्या भरतीची जाहिरात वर्षानुवर्षे निघत नाही, तिची तयारी करणाऱ्या तरुणांना निदान तहान लागते, एवढे तरी त्या थोर पुरुषास उमगले होते. अर्थशास्त्राच्या एम.ए.च्या वर्गात शिकणारी सुष्मिता तिथेच एक खोली घेऊन राहत असे. तिने बाटली घेतली, पाणी दारातल्या कुंडीत ओतले आणि रिकामी बाटली वाटणाऱ्याच्या हाती परत ठेवली. साहेबांना जपून न्या, एवढेच ती म्हणाली.

देशाच्या कारभाराविषयी तिचे मत पक्के होते, आणि ते सांगताना तिच्या ओठांची एक बाजू किंचित वर जात असे. सत्ताधारी तिच्या लेखी विकासदराचे पुराणिक होते: आकडा वाचायचा, त्याचा रसाळ अर्थ सांगायचा, दक्षिणा गोळा करायची आणि पोथी बांधून उठायचे. विरोधक म्हणजे त्याच पारावर आपली पाळी कधी येते याची वाट पाहत बसलेले दुसरे पुराणिक. त्यांची पोथीही तीच, केवळ वेष्टन निराळे. अर्थसंकल्पाच्या भाषणात बाके वाजवणारे हात दूरचित्रवाणीवर दिसले की ती विचारी, यांतल्या एकाला तरी आज सुताचा भाव काय आहे ते सांगता येईल का?

हा प्रश्न तिच्या घरातून आलेला होता. तिचे वडील रुद्राप्पा कबनूर गावी खर्चीवर यंत्रमाग चालवीत. सूत व्यापाऱ्याचे, माग आपला, वीज आपली आणि मिळेल ती मजुरी, अशा व्यवहाराला तिकडे खर्ची म्हणतात. विजेचे दर वाढले, मजुरी जागची हलली नाही. त्यांचे निम्मे माग आता जुन्या चादरींखाली झाकलेले होते. रुद्राप्पा फारसे बोलत नसत. तरीही गल्लीतल्या मागवाल्यांनी वीजदराबद्दल जिल्हाधिकाऱ्यांना भेटायला जाणाऱ्या शिष्टमंडळात त्यांना घेतले होते, कारण बोलतील तेव्हा खरे बोलतील, अशी त्यांची ख्याती होती.

त्याच सुमारास शहरातल्या एका महाविद्यालयात आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धा होती. विषय होता, ‘देशाची अर्थव्यवस्था योग्य मार्गावर आहे’. प्रत्येक महाविद्यालयाचे दोन वक्ते, एक अनुकूल आणि एक प्रतिकूल. कोणी कोणती बाजू घ्यायची ते चिठ्ठी उचलून ठरायचे. सुष्मिताच्या हाती अनुकूल बाजूची चिठ्ठी आली. तिचा सोबती धैर्यशील याला प्रतिकूल बाजू मिळाली. त्याला या विषयातले काही कळत नव्हते, पण आवाज खणखणीत होता.

ती नाव मागे घ्यायला निघाली, तेव्हा हिरेमठ सरांनी तिला थांबवले. संस्कृतचे अध्यापन करून निवृत्त झालेले हे वृद्ध गृहस्थ वक्त्यांची तयारी करून घेत. ते म्हणाले, “प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्यापेक्षा उत्तम मांडता आल्यावाचून त्याच्या खंडनाचा अधिकार मिळत नाही, बाळ. आपले आचार्य पूर्वपक्ष असा मांडीत की वाचणाऱ्यास वाटावे, यांचे मत हेच.”

“आणि खंडन कधी करायचं, सर? सात मिनिटांत घंटा होते.”

“ते धैर्यशील करील,” सर म्हणाले. आणि आपण बोललो ते आपल्यालाच पुरते पटलेले नाही, असे त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसले.

सुष्मिता बोलली ते अप्रतिम बोलली. रस्ते, बँकेतली खाती, भाजीवालीच्या टोपलीला लटकणारा पैसे देण्याचा चौकोन, रात्रीही न जाणारी वीज, हे सारे तिने अशा क्रमाने ओवले की जे सत्ताधाऱ्यांच्या प्रवक्त्यांना कधी साधले नाही ते तिला साधले. कबनूरच्या मागावर वाढलेली मुलगी आहे मी, हे वाक्य तिने शेवटी टाकले आणि सभागृह टाळ्यांनी भरून गेले. करंडक तिला मिळाला. करंडक हाती घेताना तिला सभागृहाचा तिटकारा आला आणि स्वतःचाही. परंतु टाळ्या गोड लागल्या, हेही तितकेच खरे.

पहिल्या रांगेत विजयसिंह बसला होता. सत्ताधारी उमेदवाराच्या तरुण आघाडीचा तो प्रमुख. त्याच्या माणसांनी भाषणाचे चित्रण केले होते. दुसऱ्याच दिवशी ते जिल्हाभर फिरू लागले. त्यातून स्पर्धा कापलेली होती, विषयाचा फलक कापलेला होता आणि धैर्यशील तर समूळ नाहीसा झाला होता. उरली होती सुष्मिता, मागे तुतारी, आणि खाली ठळक अक्षरे: कबनूरच्या मागवाल्याची लेक सांगते आहे.

कबनूरच्या चहाच्या गाड्यावर गुंडू नावाच्या मागवाल्याने रुद्राप्पांना गाठले. “काय अप्पा, लेक म्हणती समदं झ्याक चाललंय. मग माग कशाला झाकून ठेवलाय? उघडा की.” सगळे हसले. रुद्राप्पांनी चहा अर्धा टाकला आणि ते घरी आले. संध्याकाळी गुंडूचाच निरोप आला की शिष्टमंडळात तुम्ही नसलात तरी चालेल. सुष्मिताला हे आईने, शांतादेवींनी, फोनवर सांगितले. अप्पा तुला काही म्हणाले नाहीत, असेही त्या म्हणाल्या. आणि तेच तिला सर्वांत झोंबले.

ती विजयसिंहाच्या कार्यालयात गेली. तिथे तरुण मंडळी भविष्यकाळ घडवीत होती, म्हणजे वडे खात होती. चित्रफीत काढून टाका, असे तिने सांगितले. विजयसिंहाने तिला मोठ्या अदबीने खुर्ची दिली.

“ताई, ह्यातला कुठला शब्द तुमचा न्हाय, तेवढं दाखवा की.”

“शब्द माझेच आहेत. विचार माझा नाही. ती स्पर्धा होती.”

“मग विचार ठेवा की तुमच्याजवळ. आमाला आवाज पुरं हाय.” आणि चार-पाच सभांत बोललात तर पुढे तुमचेही काही पाहता येईल, असे त्याने सुचवले. त्याला कसलीही लाज वाटत नव्हती, आणि ती वाटण्याचे एखादे कारण असू शकते, हेही त्याच्या ध्यानी येत नव्हते. सुष्मिता उठून आली.

मग तिने आपल्या खोलीत बसून स्वतःचे चित्रण केले. या वेळी ती मनापासून बोलली. सूत, वीज, मजुरी, न निघणाऱ्या जाहिराती, सारे नीट मांडले. सत्ताधाऱ्यांना धुतले आणि शेवटी विरोधकांनाही सोडले नाही. वेष्टन बदललेल्या पोथीचे वाक्य तिथेच होते. विरोधकांनी ते चित्रण आनंदाने उचलले, शेवट छाटला आणि तुतारीच्या जागी हलगी घातली. खाली तीच ठळक अक्षरे होती. एका तरुण मुलीचा विवेक दोन्हीकडच्या मंडळींना सारखाच उपयोगी पडावा, हे आपल्या लोकशाहीचे वैभवच म्हणायचे.

रविवारी ती कबनूरला गेली. शिष्टमंडळ सोमवारी जाणार होते. दुपारी गल्लीत दोन्ही बाजूंनी प्रचाराच्या दोन रिक्षा शिरल्या आणि रुद्राप्पांच्या दारासमोर तोंडाला तोंड लावून उभ्या राहिल्या. मागे कोणीच घेईना. एका भोंग्यातून सुष्मिता सांगत होती की देश योग्य मार्गावर आहे. दुसऱ्यातून तीच सांगत होती की तो खड्ड्यात गेला आहे. तुतारीवर हलगी, हलगीवर तुतारी. लोक माग बंद करून बाहेर आले. मुले तर हसून लोळत होती. सुष्मिता आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती, आणि कान झाकावेत तर कोणत्या आवाजावर, हे तिला कळत नव्हते.

रुद्राप्पा उठले, पायात चप्पल न घालताच बाहेर गेले आणि दोन्ही रिक्षांच्या मधोमध उभे राहिले.

“पोरगी आत हाय,” ते म्हणाले. “काय इचारायचं असंल त्यानं आत येऊन इचारावं. ह्ये बंद करा.”

“पावणं, आमाला दिसभर वाजवायचं सांगितलंय,” एक चालक समजुतीने म्हणाला. “कोण बोलतंय, आमाला काय ठावं?” तरी दोघांनी भोंगे बंद केले, रिक्षा मागे घेतल्या आणि कोपऱ्यावर जाऊन पुन्हा सुरू केले.

आत कोण येणार? दारात घोळका थबकला. शेवटी शेजारच्या शालूबाई आल्या. त्या रुद्राप्पांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरत. माग झाकले तसे त्यांचे कामही निम्मे झाले होते. त्या सुष्मितासमोर उभ्या राहिल्या.

“तुजं दोनी ऐकलं. आता मला सांग, मत कुणाला द्यायचं?”

सुष्मिताच्या जिभेवर पुराणिक आले, पोथी आली, वेष्टन आले. ओठांची एक बाजू सवयीने वर गेली. परंतु समोरची बाई हसण्यासाठी आलेली नव्हती, आणि एवढ्या वर्षांच्या उपहासात तिला देण्याजोगे एकही उत्तर नव्हते. मुलीचा ओठ पुन्हा सरळ झाला.

“मला ठाऊक नाही, काकू.”

“एवढं शिकून?”

“एवढं शिकून. दोघांत काय वाईट आहे ते सगळं सांगता येतं मला. चांगलं कुठलं, ते नाही कळत.”

हे वाक्य दोहोंपैकी कोणाच्याही कामाचे नव्हते. त्यामागे तुतारी शोभली नसती, हलगीही नाही. शालूबाई पदर सावरून भुईवर बसल्या.

“व्हय. हे मातूर तुजं हाय,” त्या म्हणाल्या. “बरं, मताचं आमचं आमी बघू. इजेचं तर कळतंय न्हवं तुला? मग सांग, उद्या अप्पांनी कलेक्टरसायबाला काय म्हणायचं?”

“अप्पा जाणार नाहीत उद्या,” सुष्मिता म्हणाली.

शालूबाईंनी मान वळवून दाराकडे पाहिले. तिथे गुंडू उभा होता. त्याने एकवार रुद्राप्पांकडे पाहिले. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या आणि आत येऊन शालूबाईंच्या मागे बसला.