थोरलीची ओटी

“आजी, बस नारळ ठेवा, कुंकू लावा, और इधर कॅमेऱ्यात बघा,” कंपनीचा अंशुल म्हणाला.

उषाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोकळं कपाळ दिसत नव्हतं का या टोणग्याला? ओटी सवाशिणीनं भरायची, आणि कृष्णरावांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती.

ग्वाल्हेरच्या मेळ्यात कंपनीनं मंडप थाटला होता. मधोमध कंपनीचा पहिला ट्रॅक्टर, लाल रंग देऊन नवाकोरा केलेला. कारखान्यातली मराठी माणसं त्याला थोरली म्हणायची. पहिली लेक सासरी निघाली म्हणून त्यांच्या बायकांनी फाटकापाशी तिची ओटी भरली होती. आता त्याच सोहळ्याचं नाटक करायला शिंदे की छावनीतून उषाताईंना गाडी पाठवून आणलं होतं.

पडद्यावर इतिहास चालला होता. ‘संस्थापकांनी स्वतः हा ट्रॅक्टर फाटकाबाहेर काढला.’

साफ खोटं! संस्थापक ऑफिसात पंख्याखाली बसले होते. ट्रॅक्टर काढला कृष्णरावांनी. उतारावर ब्रेक लागेना, पुढे हळदीकुंकवाची ताटं घेतलेल्या बायका, त्यांत लग्न होऊन वर्षही न झालेल्या उषाताई. कृष्णरावांनी ट्रॅक्टर दगडी भिंतीवर घातला. बायका वाचल्या, कृष्णरावांचा पाय गुडघ्यापासून गेला. कंपनी म्हणाली, चालवणाऱ्याचीच चूक. मेहेरबानी म्हणून त्यांना जन्मभर फाटकावर स्टुलावर बसवलं.

आणि आज सीटवर संस्थापकांचा नातू यशोधन, काळा चष्मा लावून!

“आई, तुम्हाला कसं चालेल?” सून हेमांगी कुजबुजली. “मी भरते.”

“तू गप्प बस. मीच भरणार. बोलू दे कोणाला काय बोलायचंय ते.”

ताट घेऊन त्या ट्रॅक्टरसमोर उभ्या राहिल्या. “आधी तू खाली उतर.”

यशोधन हसला. “आजी, ये तो दादाजी की सीट है.”

“तुझ्या आजोबांनी स्टेअरिंगला बोट लावलं नाही! माझा नवरा होता तिथे. पाय गेला त्याचा, आणि वर चूकही त्याचीच? लाजा वाटत नाहीत, त्याची जागा बळकावून फोटो काढायला?”

“माईक बंद करो!” अंशुल ओरडला.

माईक बंद झाला, पण छावनीत नळावर भांडून तयार झालेला तो आवाज, त्याला माईक कशाला हवा? शेजारच्या पापडवाल्याकडची गर्दी इकडे वळली. मोबाईल वर झाले. यशोधन दात-ओठ खात खाली उतरला.

उषाताईंनी बॉनेटवर हळदकुंकू वाहिलं. खण, तांदूळ, नारळ ठेवला. मग गर्दीकडे वळून म्हणाल्या, “इसको कृष्णराव ने बाहर निकाला था. सुन लिया सबने?”

फोटोवाला गोंधळला. “अम्मा, सीट पर तो कोई है ही नहीं. साहब को बिठा दूँ?”

“है,” उषाताई म्हणाल्या. “तू खींच.”