रेवाचे वय

तुरीच्या शेंगा सोलताना कुसुमवहिनींच्या बांगड्या वाजत, आणि त्या नादावर आमचा ग्रह फिरू लागे. अल्लीपूरच्या त्यांच्या किराणा दुकानामागचे अंगण, पौषातले कोवळे ऊन, आणि सुपातल्या हिरव्या दाण्यांवरची नजर न उचलता त्यांनी सांगितलेले दोन सूर्यांचे आकाश! तो ग्रह, मृदा, त्यांचाच. पुढे आम्ही काही मित्र त्या एकाच ग्रहावर दिवाळी अंकांतून विज्ञानकथा लिहू लागलो. कुणी तिथे नद्या सोडल्या, कुणी बाजार भरवला, मी वादळे आणली. एकाच्या कथेतले माणूस दुसऱ्याच्या कथेत पाहुणे म्हणून जाई. नियम वहिनींनी घातलेला, शेजाऱ्याची बैलजोडी मागून नेण्यासारखा: दुसऱ्याचे माणूस न्या, राबवा, पण धडधाकट परत आणा.

रेवा ही वहिनींची नायिका. यान हाकणारी, हट्टी, ऐन वादळात गाणे गुणगुणणारी. माझ्या कथेचा शेवट दणक्यात व्हावा म्हणून मी तिचे यान जाळले, आणि वहिनींनी परवानगी दिली असे सर्वांना सांगितले. ते खोटे होते. मग ज्याने त्याने दुसऱ्याची माणसे मारली आणि बघता बघता मृदा ओस पडली. परवानगी देऊन नियम आधी वहिनींनीच मोडला, हा ठपका त्यांच्यावर राहिला. त्यांनी लिहिणे सोडले.

यंदा हिंगणघाटच्या काही तरुण लेखकांना तो ग्रह पुन्हा वसवायचा आहे. त्यांना रेवा हवी. ती देण्याचा हक्क एकट्या वहिनींचा. त्या तरुणांना खरे काय ते सांगून मी सकाळच्या एसटीने अल्लीपूर गाठले. उरात भीती होती, आणि या वयाला न शोभणारा आनंदही.

वहिनींचे केस कापसाच्या फुटलेल्या बोंडासारखे पांढरे झाले आहेत. हात मात्र अजून शब्दांच्या आधी हवेत उठतात. माझी कबुली ऐकून त्यांनी तराजूचे रिकामे पारडे पदराने पुसले.

"मले मालूम होतं, भाऊजी. पन सांगाले दात पडायची वाट काऊन पाह्यली?"

मी विचारले, "रेवाले परत आनता येईन का, वहिनी?"

"तुम्ही त फक्त यान जाळलं. मुडदा कोनं पाह्यला? लेखक मोठे, पन पंचनामा कच्चा!"

आणि मग त्या सुटल्याच! बोटांनी कडा उभा केला, तळव्याने धुके सारले, रेवाला दुसऱ्या सूर्याच्या सावलीत उतरवले. साखर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणाल्या, "थांब ना बापू, मानूस अडकून हाये तिकडं!"

मी अधीर होऊन विचारले, "म्हंजे रेवा होती तशीच येईन?"

"तशीच कशी? आपन लिहून नाई राह्यलो, म्हून का तिचं वय थांबते? म्हातारी होऊनच येईन रेवा."

ज्यांची आठवण काढायला आपण धजत नाही, त्यांच्यावरूनही ऋतू जातच असतात. परतून आलेल्याला कवेत घेता येते, आपल्यावाचून सरलेली त्याची वर्षे मात्र कवेबाहेरच राहतात.